पाळणा, दरवाजा आणि अंगावरचे दूध

"जालना, सोने का पालना" ही म्हण मराठवाड्यात आजही ऐकू येते. या शहराचा व्यापार एके काळी इतका भरभराटीला आला होता की गावालाच सोन्याचा पाळणा म्हटले गेले. म्हणीत पाळणा आहे, मात्र पाळण्यातले मूल नाही आणि त्याला पाजणारी आईही नाही.

इतिहासाच्या साधनांचेही बहुधा असेच असते. किती खंडी धान्य आले, किती गाठी कापूस गेला, कोणाचा किती वसूल बाकी राहिला, याची कागदपत्रे सापडतात. तान्ह्या मुलाला कोणी, केव्हा आणि किती वेळ पाजले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. तरीही अंगावरच्या दुधाला इतिहास आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो दुधाचा कमी आणि आईच्या वेळेचा अधिक आहे. आईचा दिवस कोणाच्या हाती होता, हा त्यातला खरा प्रश्न.

हा प्रश्न वेळेचा का, हे समजण्यासाठी दुधाची घडण पाहावी लागते. सुश्रुतसंहितेत एक विलक्षण निरीक्षण आहे. मुलाच्या स्पर्शाने, दर्शनाने, इतकेच काय तर नुसत्या आठवणीनेही स्तन्य पाझरते आणि त्याच्या मुळाशी अखंड स्नेह असतो, असे तिथे सांगितले आहे. आजचे शरीरशास्त्र यालाच ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे कार्य म्हणते. बाळ ओढू लागले की ते स्रवते आणि दुधाला पान्हा फुटतो. याच संप्रेरकामुळे बाळंतिणीचे गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. म्हणजे पाजण्याचा पहिला लाभ बाळाइतकाच आईलाही होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दूध साठवणीच्या रांजणासारखे नसते. जितक्या वेळा बाळ पिते, तितके नवे दूध तयार होते, आणि पाजण्यात मोठे खंड पडू लागले की ते आटू लागते. बाळ केवळ अंगावर पीत असेल तोवर पहिल्या काही महिन्यांत आईची पाळी बहुधा लांबते आणि पुढचे गरोदरपणही लांबते. ही सारी साखळी वारंवार पाजण्यावर उभी आहे. आईला दिवसाचे दहा तास मुलापासून दूर ठेवले, तर स्नेह कितीही अखंड असला तरी साखळी तुटते.

महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत ही गोष्ट एका दरवाजापाशी येऊन थांबली आहे. रायगडावर दूध विकायला आलेल्या हिरकणी नावाच्या गवळणीची कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. कोजागिरीचा दिवस, संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झालेले, घरी तान्हे बाळ उपाशी. पहारेकरी दार उघडेनात, तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला.

अभ्यासकाने येथे सावध राहावे. रायगडावर हिरकणी बुरूज आहे आणि पायथ्याशी हिरकणीवाडी आहे, परंतु या प्रसंगाला समकालीन कागदाचा आधार नाही. ही लोककथा आहे. लोककथा काय घडले हे सांगत नाही, समाजाला काय खुपत होते हे मात्र नेमके सांगते. या कथेत आईच्या प्रेमाविषयी कोणालाच शंका नाही. संघर्ष आहे तो गडाची वेळ आणि बाळाची वेळ यांच्यात. कथेचा शेवटही लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. आईचा गौरव झाला, पण दरवाजाची वेळ बदलली नाही. उलट ती ज्या वाटेने उतरली, ती वाट बंद झाली. गडाच्या संरक्षणासाठी ते योग्यच होते. मात्र पुढच्या हिरकणीने काय करावे, हा प्रश्न कथेत कोणी विचारत नाही.

त्याच काळातली दुसरी स्त्री म्हणजे कापूरहोळची धाराऊ गाडे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती आणि बाळाला अंगावरचे दूध पुरत नव्हते. तेव्हा गडाजवळच्या कापूरहोळ गावातल्या धाराऊंना आणण्यात आले. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. जिजाऊंनी वाढवलेल्या या राजपुत्राची दूधआई म्हणून धाराऊंचे नाव घेतले जाते, आणि अंतोजी व रायाजी ही त्यांची मुले राजांचे दूधभाऊ म्हणून परंपरेने सांगितली जातात.

दूधआई ही प्रथा फार जुनी. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही संहितांत धात्री कशी निवडावी याचे तपशील आहेत. ती निरोगी असावी, प्रेमळ असावी आणि तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे. तिचे दूध पाण्यात टाकले असता एकजीव व्हावे, अशी परीक्षाही सांगितली आहे. राजाच्या मुलाला दूध देताना धात्रीच्या स्वतःच्या मुलाच्या वाट्याला किती उरे, याची चर्चा मात्र शास्त्रकारांनी केलेली दिसत नाही. धाराऊंच्या बाबतीत निदान मुलांची नावे तरी लोकांच्या लक्षात राहिली. बहुसंख्य दाया नावानिशी हरवल्या.

सामान्य घरांत या प्रश्नाला परंपरेने एक उत्तर शोधले होते. ते म्हणजे बाळंतिणीचा सव्वा महिना. बाळ-बाळंतीण वेगळ्या खोलीत, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि कामाला हात नाही. सोयर आणि विटाळाच्या कल्पनांत गुंतलेली असली तरी ही प्रत्यक्षात बाळंतपणाची रजा होती. जिच्या घरी बसून खाण्यापुरते धान्य आणि कामाला दुसरी बाई होती, तिला ती मिळे. रोजमजुरीवर जगणारीला पूर्वीही मिळत नव्हती.

परंपरेतल्या सर्वच गोष्टी मात्र हिताच्या नव्हत्या. प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. अनेक घरांत तो जड किंवा वाईट समजून पिळून टाकत आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा गाईचे दूध चाटवत. वास्तविक रोगप्रतिकारक द्रव्ये चिकात सर्वाधिक असतात आणि बाळाची ती पहिली लस मानली जाते. यातला विरोधाभास असा की गाय व्याली की वासराला चीक पाजलाच पाहिजे, हे खेड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, आणि उरलेल्या चिकाचा खरवस तर घरात वाटून खाल्ला जातो. गोठ्यातले शहाणपण बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचायला फार काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि गडाच्या दरवाजाची जागा गिरणीच्या भोंग्याने घेतली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या बायका मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. मजुरी बहुधा मालाच्या मापावर मिळे. म्हणजे पाजण्यासाठी गेलेला अर्धा तास थेट पगारातून जाई. मूल चाळीतल्या खोलीत थोरल्या बहिणीच्या किंवा म्हाताऱ्या शेजारणीच्या ताब्यात राही.

ते मूल दिवसभर रडू नये म्हणून त्याला बाळगोळी दिली जाई. ही गोळी अफूची असे. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात उघडपणे मिळे आणि तिच्यावर सरकारला महसूलही मिळे. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. कामगार स्त्रियांच्या सुमारे ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असा त्यांचा अंदाज होता. मराठीत "अफूची गोळी" हा शब्दप्रयोग आज राजकीय भाषणांत ऐकू येतो. एके काळी तो परळ-लालबागच्या खोल्यांतला रोजचा व्यवहार होता.

या गोळीमागचे गणित क्रूर होते. अफूने बाळ झोपते आणि त्याची भूकही मरते. संध्याकाळी आई परत येते, तिचे स्तन दुधाने दाटलेले असतात, पण गुंगीतले बाळ नीट ओढत नाही. ओढले नाही की दूध आटते. दूध आटले की वरचे दूध सुरू होते, आणि तेही पाणी घातलेले, मुंबईच्या उन्हाळ्यात नासू लागलेले. मग हगवण. इकडे पाजणे कमी झाल्यामुळे आईची पाळी लवकर सुरू होते आणि आधीच्या बाळंतपणातून सावरण्यापूर्वीच पुढचे गरोदरपण येते. एका शारीरिक व्यवहारात आलेला व्यत्यय दोन जिवांना कसा खचवतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

१९२१ मध्ये मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. त्यामुळे जन्म गावाकडे नोंदला जाई किंवा नोंदलाच जात नसे, आणि मूल मुंबईत परत आल्यावर वारले तर मृत्यू तेवढा शहराच्या खात्यात पडे. ही सूट देऊनही चित्र भयंकरच राहते.

या मातांना काही दिवस तरी घरी राहता यावे, यासाठीची पहिली मोठी खटपट कामगार नेते ना. म. जोशी यांनी केली. त्यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. त्यानंतर मुंबई कायदेमंडळात असेच विधेयक आले. जुलै १९२८ मध्ये त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा मुद्दा मांडला की मातेला प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, पण स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही. स्तनपान ही घरातली खासगी बाब आहे, असे मानणाऱ्या काळात बाळाच्या पहिल्या दिवसांना राष्ट्राच्या हिशेबात आणणारा हा युक्तिवाद होता.

१९२९ चा मुंबई प्रसूती-लाभ कायदा हा भारतातला या प्रकारचा पहिला कायदा. बाळंतपणानंतरचे चार आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई झाली आणि रोख भत्ता ठरला. सव्वा महिन्याच्या जवळपास जाणारी मुदत पहिल्यांदाच मजूर स्त्रीच्या पदरात पडली. पण मालकांनी वाट काढली. गरोदरपणाची चाहूल लागताच बाईला कामावरून कमी केल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतले स्त्रियांचे प्रमाण घसरत गेले. रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांची फेररचना ही त्याची इतर कारणे असली, तरी बाळंतपणाचा खर्च नको म्हणून बाईच नको, हा विचारही त्यामागे होता.

जालना या कायद्याच्या हद्दीबाहेर होते. ते मुंबई इलाख्यात नव्हे, तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा काढून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. दरम्यान १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची आणि मुलाला ठरावीक अंतराने पाजू देण्याची तरतूद केली. १९६१ च्या केंद्रीय प्रसूती-लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी दिली. कागदावर हे फार मोठे पाऊल होते. पण जालन्याकडच्या कोरडवाहू गावांतल्या बायका कारखान्यात नव्हत्या. त्या शेतात होत्या, आणि शेताला हजेरीपट असला तरी पाळणाघर नव्हते.

१९७२ च्या दुष्काळात मात्र हजारो आया एकदम सरकारच्या कामावर आल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि त्याहून अधिक खडी फोडण्याचे काम. खडीच्या ढिगाशेजारी तीन काठ्यांवर लुगड्याची झोळी बांधून मुले झोपवली जात. मराठवाड्याच्या एका पिढीचा पाळणा असा होता. या अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली, आणि पुढे कामाच्या जागी सावली, पाणी व मुले सांभाळण्याची सोय हे मजुरांचे हक्क म्हणून तिच्यात आले. किती ठिकाणी ती सोय खरोखर झाली, हा वेगळा आणि बराच कडू विषय आहे. पण राज्याने झोळीतल्या मुलाची दखल घेतली, हे नाकारता येणार नाही.

शहरांत याच काळात दुसरेच संकट पुढे आले, ते डब्याचे. स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले याने १८६७ मध्ये बालआहार बाजारात आणला. शंभर वर्षांत डब्यावरचे गुटगुटीत बाळ जगभर पोहोचले. अस्वच्छ पाणी, पातळ केलेली पावडर आणि न उकळलेली बाटली यांमुळे गरीब देशांतली किती मुले दगावली, यावरून १९७० च्या दशकात मोठे आंदोलन झाले आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विक्रीविषयीची आचारसंहिता मंजूर केली. भारतातल्या लढ्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. स्तनपानाचा पुरस्कार करणारे बीपीएनआय हे देशव्यापी जाळे ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून बालदुधाच्या डब्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि डब्यावरचे बाळाचे चित्र यांवर बंदी घातली. आज दुकानातल्या त्या डब्यावर हसरे बाळ दिसत नाही, ते या कायद्यामुळे.

धाराऊंचा वारसा मात्र शीव रुग्णालयात पुन्हा उजाडला. १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली मानली जाते. ज्यांना दूध जास्त होते अशा माता ते देतात. ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून ते निर्जंतुक होते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मिळते. सुश्रुताने सांगितलेल्या पाण्याच्या परीक्षेची जागा प्रयोगशाळेतल्या चाचणीने घेतली. दूध देणाऱ्या आईला आपले दूध कोणाच्या पोटात गेले हे कळत नाही, आणि त्या मुलाला आपली दूधआई कोण हे कळत नाही.

हिरकणीही परत आली. गेल्या दशकात राज्यातल्या एस.टी. स्थानकांत आणि शासकीय कार्यालयांत "हिरकणी कक्ष" उघडले गेले. प्रवासातल्या किंवा कामावरच्या आईला आडोशाला बसून बाळाला पाजता यावे, हा त्यांचा हेतू. नाव समर्पक आहे, जरा उपरोधिकही आहे. कथेतल्या हिरकणीला आडोसा नको होता. तिला दरवाजा उघडून हवा होता.

२०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आणि भारताचा कायदा येथे प्रथमच एका रेषेत आले. ही रजा मिळते ती ज्यांचे नाव मस्टरवर आहे त्यांना.

दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक "कोयता" धरला जातो. पुस्तकात बाईचे वेगळे नाव नसते, त्यामुळे तिची वेगळी मजुरीही नसते, आणि रजा तर नसतेच. फडात ऊस पहाटे तुटू लागतो. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या असतात आणि हिशेब टनावर होतो. मूल कोपीत थोरल्या भावंडापाशी राहते, किंवा फडाच्या बांधावर पाचटावर झोपवले जाते. बाळंतपणासाठी किंवा आजारपणात कोयता थांबला की "खाडा" पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाजायला बसलेल्या वेळेचा खाडा कोणी लावत नाही. तेवढ्या मोळ्या कमी पडतात, इतकेच.